कोपराला कळतं

त्यांचं खरं आडनाव गॅरेजच्या पाटीवर होतं, पण पाटी वाचून कोणी येत नसे. लोक येत ते हातगुण्यांकडे. एखाद्या डॉक्टरच्या हाताला गुण असतो तसा यांच्या हाताला आहे, असं कधीतरी कोणीतरी म्हणालं आणि तेच आडनाव होऊन बसलं. इंजिन तापतंय म्हणून कोणी जुनी गाडी आणली की हातगुणे बोनेट उघडत, पाइपांना आणि रेडिएटरला हात लावत आणि दुखणं सांगून मोकळे होत. शेजारच्या टायरवाल्याने एकदा तापमान मोजायची बंदूक आणून दाखवली, तेव्हा ते म्हणाले होते, "दोन हात धडधाकट असताना बंदूक कशाला? मी काय दरोडा घालायला निघालोय?" हे वाक्य वर्षभर चौकात फिरलं. माणसाने बोलताना जरा जपून बोलावं, ते याचसाठी.

कारण उन्हाळ्यापासून त्यांच्या बोटांना काही कळेनासं झालं होतं. आधी टोकं बधिर झाली, मग अख्खी बोटं. नट निसटायचे, पण ते डोळ्यांनी सांभाळून घेता येत होतं. गरम-गार मात्र डोळ्यांना दिसत नाही. घरी त्यांनी यातलं अवाक्षर काढलं नव्हतं. बायको डॉक्टरकडे नेईल, डॉक्टर काम सोडा म्हणेल, आणि काम सोडलं तर आपण उरतो तरी कोण, या धास्तीने ते आतल्या आत पोखरले जात होते.

त्यात गेल्या आठवड्यात गणिताच्या बाईंची गाडी आली. बाई शाळेतून कधीच निवृत्त झाल्या होत्या आणि गाडीही त्याच वाटेवर होती. दर रविवारी त्या घाट चढून बहिणीकडे जात. चढावर तापमानाचा काटा लाल रेघेकडे धावायचा आणि हीटर मात्र गार हवा फेकायचा, त्यामुळे समोरच्या काचेवर वाफ धरायची. हातगुण्यांनी वरच्या पाइपाला हात लावला. त्यांना तो गार लागला. इंजिन तापलेलं आणि वरचा पाइप गार, म्हणजे थर्मोस्टॅटची झडप उघडत नाही, पाणी इंजिनातच कोंडलं जातंय. सरळ हिशेब! त्यांनी थर्मोस्टॅट बदलला. रेडिएटरमधलं पाणी तांबूस दिसलं, तेही बदललं आणि विषय संपवला.

संध्याकाळी हात धुताना तीन बोटांवर टपोरे फोड दिसले. पाइप गार नव्हता, कढत होता.

आज बाई वही घेऊनच आल्या. किती वाजता, कुठल्या वळणावर, काटा कुठे, सगळं ओळीने मांडलेलं.

"हातगुणे, मागचं उत्तर चुकलं," त्या म्हणाल्या. "सातव्या वळणावर मला उतरून काच पुसावी लागली. पलीकडे दरी आहे. पुन्हा चुकलं तर मी गाडी काढून टाकणार."

बाई बाकावर बसल्या. हातगुण्यांनी इंजिन सुरू केलं आणि काटा वर चढायची वाट पाहत उभे राहिले. त्याच संध्याकाळी त्यांना टायरवाल्याला जबाब द्यायचा होता. त्याला ही जागा हवी होती. माणूस वाईट नव्हता, त्याला टायर ठेवायला जागा पुरत नव्हती इतकंच. हातगुण्यांनी मनाशी पक्कं केलं होतं: ही गाडी जमली तर ठीक, नाहीतर गॅरेजची किल्ली त्याच्या हातात.

काटा चढला. त्यांनी वरच्या पाइपावर पंजा ठेवला. काही नाही. लाकडाला हात लावल्यासारखं.

तेवढ्यात बायको डबा घेऊन आली. तिला पाहून त्यांना वाट सापडल्यासारखं झालं.

"अगं, जरा इथे हात लाव बरं. गरम आहे का?"

"तुम्ही लावलाय की." तरी तिने बोट टेकवलं आणि झटक्यात मागे घेतलं. "आई गं! केवढा चटका!"

मग तिचं लक्ष नवऱ्याच्या हाताकडे गेलं. त्याच पाइपावर तो निवांत पडला होता, उन्हात झोपलेल्या मांजरासारखा. तिने तो मनगटाला धरून ओढून काढला, उलटा केला, जुन्या फोडांवरच्या पट्ट्या पाहिल्या.

"हे पत्रा लागून झालं म्हणाला होतात."

हातगुण्यांनी हात सोडवून घ्यायला पाहिलं, तिने सोडला नाही.

"कधीपासून कळत नाही?"

"उन्हाळ्यापासून."

"आणि मी कोण? शेजारीण?"

तिचे डोळे भरून आले होते आणि त्यामुळे तिला आणखीच राग आला होता. बाईंनी वही उघडली आणि स्वतःचेच आकडे पुन्हा वाचायला घेतले.

बायकोने इंजिन बंद करायला लावलं, त्यांचा हात नळाखाली धरला आणि मग म्हणाली, "तीस वर्षं पाळणाघरात पोरांना अंघोळी घातल्या मी. पाणी कधी बोटांनी बघितलंय? माझी बोटं भांडी घासून कधीच निबर झाली. कोपर लावायचं. कोपराला सगळं कळतं. करा बाही वर."

"मी काय लहान पोर आहे?"

"पोरं ऐकतात तरी. करा वर!"

पंखा थांबल्याची खात्री करून हातगुणे वाकले आणि त्यांनी कोपर रेडिएटरच्या वरच्या कडेला टेकवलं. चटका बसला. खराखुरा, झोंबणारा चटका! त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी कोपर पुन्हा एकदा तिथेच टेकवून पाहिलं. मग ते थोडं थोडं खाली सरकले. गरम. गरम. कोमट. आणि खालचा अख्खा कोपरा गारढोण. त्यांनी हीटरकडे जाणारे दोन पाइप तपासले. आत जाणारा कढत, परत येणारा जेमतेम कोमट.

"कोमट म्हणजे किती?" बायकोने विचारलं.

"तुझ्या पोरांच्या पाण्याइतकं."

आता त्यांच्या आवाजात जुनी धार आली. "गंजाचा गाळ आहे. वर्षानुवर्षं नळाचं साधं पाणी भरलंय. रेडिएटरच्या नळ्या खालून तुंबल्यात, हीटरची जाळीही तुंबलीय. पाणी तापतं, पण फिरत नाही. म्हणून इंजिनाला ताप आणि हीटरला हुडहुडी."

इथे थांबता आलं असतं. थर्मोस्टॅटही बिघडला होता आणि गाळही होता, असं सांगितलं असतं तर बाईंना कळणार नव्हतं. हातगुण्यांनी बायकोकडे पाहिलं आणि बाकासमोर जाऊन उभे राहिले.

"बाई, तुमचा जुना थर्मोस्टॅट चांगला होता. माझ्या बोटांना गरम-गार कळत नाही. कढत पाइप मला गार वाटला. चूक माझी."

बाईंनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे रीत बरोबर होती, आकडा चुकीचा घेतला होता."

"हो."

"रीत बरोबर असली तर मी अर्धे गुण देत असे. उरलेले आज मिळवा."

मग दुपारभर काम चाललं. गाडी निवल्यावर पाइप सुटे केले आणि नळाचं पाणी उलट्या बाजूने सोडलं. पहिल्यांदा विटेच्या रंगाचा चिखल बाहेर आला, तो थेट बायकोच्या चपलांवर. दुसऱ्यांदा पिवळट पाणी. पाचव्यांदा स्वच्छ. डबा तिघांत मिळून संपला. ताजं कूलंट भरलं, हीटर पूर्ण गरमवर ठेवला आणि शेवटचा बुडबुडा निघेपर्यंत झाकण लावलं नाही. नंतर बाईंनी गावाबाहेरच्या टेकडीवर गाडी तीनदा चढवली. काटा मध्यावर जो बसला तो हललाच नाही. हातगुणे शेजारी बसून हीटरच्या जाळीपुढे कोपर धरून होते, आणि हवा चांगली ऊन येत होती.

परतले तेव्हा टायरवाला दारातच उभा होता. "मग काय ठरलं?"

हातगुण्यांनी बाह्या सरसावल्या आणि दोन्ही हात जोडले. "तुम्हाला कोपरापासून नमस्कार!"

"म्हणजे हो की नाही?"

"नाही. गॅरेज चालू राहील."

"उद्या मात्र उशिरा उघडेल," बायको मधेच म्हणाली. "आम्ही आधी डॉक्टरकडे जाणार आहोत."

उन्हाळ्यापासून हातगुणे याच वाक्याला भीत आले होते. आता ते ऐकलं, तर त्यात त्यांना फक्त 'आम्ही' ऐकू आलं.

"नऊ वाजता निघू," ते म्हणाले.