भिंतीबाहेरची खिचडी

चंद्राबाईंना शाळेत पाऊल टाकायला बंदी झाली, आणि ती बंदी घालणाऱ्या मुख्याध्यापिका अश्विनी मॅडमच त्या दिवशी रडायच्या बेतात होत्या.

नसरापुरावरून वेल्ह्याकडं जाताना डोंगराच्या अंगाला एक वाडी लागते. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत चौदा वर्षं पोरांची खिचडी शिजवणाऱ्या त्या चंद्राबाई. करोनाची दोन वर्षं शेगडी थंड होती. आता मार्चात पुन्हा गरम जेवण द्यायचं ठरलं, पण सोबत वरून कागद आला, शाळेत काम करणाऱ्या प्रत्येकाचे लशीचे दोन्ही डोस झालेले पाहिजेत. चंद्राबाईंचा एकच झाला होता, तोही जानेवारीत. दोन डोसांत बारा आठवडे जावे लागत, म्हणून दुसरा एप्रिलच्या मध्याशिवाय मिळणार नव्हता.

"चंद्राबाई, वर्षभर काय करत होतात तुम्ही?" मॅडमनी कपाळावर हात मारला.

"लावणी," चंद्राबाई म्हणाल्या.

लस आली तेव्हा भाताची लावणी ऐन भरात होती. सुई टोचली की दोन दिवस ताप, हे सगळ्या वाडीला पाठ. पाच घरच्या बाया चंद्राबाईंच्या वावरात येऊन रोपं लावून गेल्या होत्या. आता त्यांच्या वावरात जायची आपली पाळी, आणि आपण गोधडीत पडून राहायचं? जमण्यासारखंच नव्हतं. मग कापणी आली, मग झोडणी. बाई शब्दाला पक्क्या, आणि त्या पक्केपणानंच घात केला.

शाळेच्या समितीनं समोरच्या घरातल्या रत्नाला उभं केलं. तिचे दोन्ही डोस झालेले. पोरगी गुणी, पण आठ माणसांच्या वर तिनं कधी पातेलं चढवलं नव्हतं, आणि इथं बेचाळीस तोंडं. चंद्राबाईंच्या मनात आलं, करपू दे दोन दिवस, मग कळेल माझी किंमत. नंतर कुणी विचारलं असतं तर त्यांनी कानांवर हात ठेवले असते, पण आलं होतं हे खरं. भीतीच तशी होती. रत्नाचा हात बसला की आपल्याला पुन्हा कोण बोलावतंय? नवरा गेल्यापासून ह्या शाळेनंच त्यांना माणसांत ठेवलं होतं.

पहिल्या दिवशी त्या कुंपणाच्या भिंतीबाहेर एका दगडावर येऊन बसल्या. नुसतं बघायला, असं त्यांचं म्हणणं. साडेअकराला वास आला. डाळ कच्ची आणि खाली तांदूळ धरायला लागलेला. आत पोरं ताटल्या वाजवत होती. पहिलीतली शिवानी ओरडली, "मला लई भूक लागलीया!"

चंद्राबाईंना पुढं गप्प बसवेना.

"रत्ने! शेगडी बारीक कर! हलवू नको, खालचं करपल्यालं वर येईल! कडंनं गरम पाणी सोड आन् झाकण ठेव!"

"किती पाणी, काकू?" आतून रडका आवाज आला.

"दोन तांबे! आन् रडू नको, पोरं बघत्यात!"

झालं. त्या दिवसापासून चंद्राबाई रोज दगडावर. तांदूळ निवडायला बाहेर यायचे, भाजी चिरायला बाहेर यायची. मॅडम खिडकीतून हे सगळं बघायच्या आणि घाईघाईनं हजेरीत डोकं घालायच्या. फोडणीच्या नुसत्या आवाजावरून चंद्राबाई सांगायच्या, "तेल तापलं न्हाई अजून, थांब वाईच." महिन्याभरात सांगण्यासारखं काही उरेना. रत्ना आपल्या मनानं करायला लागली. चंद्राबाईंना अभिमान वाटला, आणि घरी गेल्यावर भाकरी तशीच झाकून ठेवली. आपल्याच तोंडानं आपली जागा देऊन बसलो की काय!

एप्रिलात त्यांनी नसरापूरला जाऊन दुसरा डोस घेतला. दोन दिवस ताप आला, तो निमूट काढला. तिसऱ्या दिवशी सर्टिफिकेट छापून घेऊन त्या फाटकातून आत शिरल्या.

रत्ना पातेल्यापाशी होती. बाईंना बघताच तिनं पळी पुढं केली. "घ्या काकू, सांभाळा तुमचं. माजी कंबर गेली पार. मॅडमना म्या कवाच सांगितलंय, काकू आल्या की मी मोकळी."

"खरं सांगतीस?"

"व्हय तर! माजं शिवणाचं मशीन धूळ खातंय घरी."

चंद्राबाईंनी पळी हातात घेतली आणि त्यांचे डोळे भरून आले. खिचडी तयारच होती, पोरं ओळीनं बसली होती. त्यांनी एकदा पातेल्यात बघितलं, एकदा रत्नाकडं, आणि पळी तिच्या हातात परत दिली.

"आजच्या दिवस तूच वाढ. उद्यापास्नं हायेच की मी."

आणि पदर खोचून त्या पोरांच्या ओळीत, शिवानीच्या शेजारी मांडी घालून बसल्या. चौदा वर्षं त्यांनी आधी सगळ्यांना वाढलं होतं आणि मग बुडाला राहिलेलं, गार झालेलं खरवडून खाल्लं होतं. रत्नानं ताटलीत वाफाळती खिचडी वाढली तसा त्यांनी सवयीनं मोठा घास उचलला.

शिवानीनं त्यांचा हात धरला. "आजी, असं न्हाई खायाचं. फुकून खा, तोंड भाजंल."

चंद्राबाईंनी शहाण्या पोरीसारखी घासावर फुंकर घातली.