अरुंधतीनं लिहिलेलं माझं मरण

हो, मी लाकडी बैलच बोलतोय! तान्ह्या पोळ्याला पोरं दोरी बांधून गल्लीभर ओढत नेतात ना, तो. सागवानी, चार चाकांचा. शिंगं अंमळ मोठी आहेत, पण मला शोभतात.

सदुसष्ट साली भागीरथाआजीनं काटोलहून एसटीत मांडीवर बसवून मला नागपूरला आणलं, नात अरुंधतीसाठी. पण पोर मला नेणार कुठे? सांध्यांच्या तापानं ती अंथरुणाला खिळलेली. रामदासपेठेतले डॉक्टर म्हणाले, वर्षभर शाळा बंद.

मग तिची आई, सुभद्राबाई, घरीच शिकवू लागली. संध्याकाळी वडील मधुकरराव सदर भागातल्या ऑफिसातून आले की सगळे मिळून वाचायचे. आजीला अक्षरओळख नव्हती, पण ऐकायला तीच सगळ्यांत पुढे! काय दिवस होते ते.

घरातली पुस्तकं संपली तेव्हा आई म्हणाली, "आता तूच लिही नं वं काही."

पोरीनं माझीच गोष्ट लिहायला घेतली. रोज लिहायची, रोज वाचून दाखवायची. मी नांगर ओढला, पुरातून गाडी काढली. ऐकून माझी छाती फुगायची.

आणि एका संध्याकाळी तिनं मला चक्क मारलं! "बैल गोठ्यात बसला, तो उठलाच नाही."

आजी कडाडली, "काहून मारलं त्याले? दुखण्यातल्या पोरीनं असं अभद्र लिहू नाही!" तिनं पेन्सिल हिसकावून कमरेला खोचली.

झालं, घर मुकं झालं. अरुंधती लिहीना, वाचायला बोलावलं तर भिंतीकडे तोंड फिरवायची. "कुठं पोर खुलून राहिली होती, आता पुन्हा मिटली," म्हणत सुभद्राबाई नवऱ्यापाशी रडल्या. मला माझ्या मरणाचं काही नव्हतं हो, पण पोरीकडे पाहून जीव तुटायचा.

मग एका दुपारी आजी तांदूळ निवडता निवडता उठली आणि नातीजवळ येऊन बसली.

"मेला तर मेला बापा. आमच्या घरीबी मेले बैल. पण पोरी, त्याचा जोडीदार एकटा राहिला नं? त्याचं मंग काय झालं?"

"मले नाही माहीत, आजी. लिहून पाहू काय?"

आजीनं पेन्सिल तिच्या हातात ठेवली. "लिही. मले ऐकाचं आहे."

त्या रात्री जोडीदाराची गोष्ट ऐकताना आजी पदरात तोंड घालून रडली. अरुंधती मात्र वाचत राहिली.

आता सत्त्याऐंशी साल चालू आहे. आजी केव्हाच गेली. तिच्यासारखं ऐकणारं माणूस पुन्हा पाहिलं नाही. अरुंधती बरी झाली, संसाराला लागली. माझं एक चाक हरवलंय, कपाटावर तिरका उभा असतो. हल्ली तिची लेक लिहिते.

तुमच्या घरात पोरांनी काही लिहून आणलं, तर हातातलं काम ठेवा आणि ऐका. चुका मागाहून काढा. गोष्टीत बैल मरत असेल तर खुशाल मरू द्या. मी आजवर कितीदा तरी मेलोय, तब्येत अगदी ठणठणीत आहे!