मेव्हण्याच्या गुदगुल्या

केनी आणि प्लासिड दोघेही वसईजवळच्या गिरीज गावचे आणि दोघेही पगारी फुटबॉलपटू. प्लासिड मुंबईतल्या एका बँकेच्या संघात बचावफळीत खेळायचा, तर केनी एका खत कंपनीसाठी गोल करायचा. प्लासिडची धाकटी बहीण एमिली केनीला दिलेली, त्यामुळे दर रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की दोघे एकाच टेबलावर जेवायचे.

२००१च्या फेब्रुवारीत दोन्ही संघ लीगमध्ये समोरासमोर आले. प्लासिडला चौतीस पूर्ण झाली होती. यंदा काही चमक दिसली नाही तर जूनपासून शाखेत काउंटरवर बसायचं, असं त्याला साहेबांनी सांगून ठेवलं होतं. बारा वर्षं बँकेची नोकरी करून शाखेत तो जेमतेम चारदा गेला असेल. त्या खुर्चीची त्याने धास्ती घेतली होती. आणि अडवायचं होतं ते केनीला, जो त्याच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान आणि दुप्पट चपळ होता.

पण प्लासिडला एक गोष्ट माहीत होती. लग्नाचा सूट शिवताना शिंप्याने केनीच्या कमरेला टेप लावला, तेव्हा केनी हसत हसत कापडाच्या गठ्ठ्यावर कोसळला होता. शेवटी सूट अंदाजानेच शिवावा लागला.

पहिला कॉर्नर मिळाला. सगळे गोलसमोर दाटीवाटीने उभे राहिले. चेंडू उडाला आणि रेफरीची मान वर गेली, त्याच क्षणी प्लासिडने केनीच्या बरगडीखाली दोन बोटं फिरवली. केनी जागच्या जागी दुमडला आणि खदखदून हसायला लागला. रेफरी बॅप्टिस्ट हे गंभीर गृहस्थ होते. डाव्या कानावरचे केस उजव्या कानापर्यंत नेऊन ते टक्कल झाकत, आणि नेमके ते केस त्या वेळी वाऱ्याने उभे राहिले होते. त्यांनी केनीला पिवळं कार्ड दाखवलं. दुसऱ्या कॉर्नरला पुन्हा तेच झालं, आणि केनी हसत हसतच मैदानाबाहेर गेला.

कंपनीने लेखी खुलासा मागितला. केनीने प्रामाणिकपणे लिहिलं, ‘गुदगुल्या झाल्या.’ योग्य कारण नमूद करावे, असा शेरा मारून साहेबांनी कागद परत पाठवला.

त्या रविवारी एमिलीने भावाच्या ताटात नुसता रस्सा वाढला. प्लासिडने दोनदा पातेल्याकडे पाहिलं, मग म्हणाला, “त्याच्या मागे धावायला माझा दम पोचत नाही, एमिली. बोटं पोचतात.”

एमिलीने पातेल्यावर झाकण ठेवलं. मेमध्ये वसईतच एक स्पर्धा होती आणि दोन्ही संघ तिथे येणार होते. तोवर नवऱ्याला तयार करायचं तिने ठरवलं. रोज संध्याकाळी ती त्याला ओट्यावर उभं करी आणि कधी फणीने, कधी केळीच्या वाळक्या पानाने कमरेला डिवची. केनीने दात-ओठ आवळून पाहिले, मनातल्या मनात पाढे म्हणून पाहिले. पंधरा दिवसांनी परिस्थिती इतकी बिघडली, की एमिलीने डास मारायला हात उचलला तरी तो हसू लागला.

शेवटी सासूने, म्हणजे मार्थाबाईंनी, जावयाला परसात बोलावून घेतलं. मुलाने आता फुटबॉल सोडून पंख्याखाली बसावं असं त्यांना कधीपासून वाटत होतं. लहानपणी प्लासिडने एक बदक पाळलं होतं, असं त्यांनी सांगितलं. त्याच्या डौलामुळे त्याला तो बाईसाहेब म्हणायचा. नाताळला घरात ते शिजलं. प्लासिडला ठाऊक नव्हतं, आणि त्याने दोनदा वाढून घेतलं. आजही विषय निघाला की त्याला रडू आवरत नाही.

मेच्या उन्हात अर्धी वसई मैदानाभोवती जमली. पाऊण तास होऊन गेला तरी गोल नव्हता. मग केनीच्या संघाला कॉर्नर मिळाला. प्लासिड मागे येऊन उभा राहिला, बोटं बरगडीखाली सरकली आणि केनीला हसू फुटलं. हसता हसताच तो कसाबसा म्हणाला, “दादा, बाईसाहेब बऱ्या लागल्या होत्या का?”

प्लासिडचा चेहरा आधी कोरा झाला, मग हनुवटी थरथरली. एवढा सहा फुटी गडी केनीच्या गळ्यात पडला आणि हुंदके देऊ लागला. केनीला सुटायचं होतं, पण मिठी घट्ट होती. आपण फार पुढे गेलो, असं त्यालाही वाटायला लागलं. तो प्लासिडची पाठ थोपटत असतानाच चेंडू आला, केनीच्या डोक्याच्या मागच्या बाजूवर आपटला आणि जाळ्यात गेला.

याही सामन्याला रेफरी बॅप्टिस्टच होते; बँकेच्या खेळाडूंनी त्यांना घेरलं. केनीने आमच्या माणसाला धरून ठेवलं, गोल रद्द करा, असं त्यांचं म्हणणं होतं. बॅप्टिस्टना चेंडूशिवाय काही दिसलं नव्हतं. त्यांनी दोघांना बाजूला घेऊन विचारलं, कोणी कोणाला धरलं. केनी बुटाच्या नाडीकडे बघत राहिला. मी धरलं म्हणाला असता तर गोल गेला असता, आणि दादाने धरलं म्हणायला त्याला तोंड नव्हतं.

प्लासिडने जर्सीला नाक पुसलं. “मीच धरलं होतं,” तो म्हणाला. “तो सुटायला बघत होता.”

गोल राहिला. बँक हरली. बँकेचा कोच प्लासिडशी बोलला नाही, पण सामना संपल्यावर केनी त्याच्या शेजारी येऊन बसला. त्याने चुकलो म्हणून सांगितलं, आणि हेही सांगितलं की बदकाची गोष्ट मम्मीकडून कळली. प्लासिडने बूट काढून पिशवीत टाकले. मग त्याने विचारलं, एमिली रविवारी जेवायला काय करणार आहे.

जूनमध्ये तो वसईच्या शाखेत रुजू झाला. पहिल्या आठवड्यात त्याने टाय लावला, मग सोडून दिला. दुपारी घरी जेवून थोडं पडायला मिळतं, हे त्याला तिसऱ्या दिवशी कळलं. बदकाची गोष्ट दोन वर्षांपूर्वीच का नाही जावयाला सांगितलीस, म्हणून तो आईवर मनापासून रागावला.