दुसरी किल्ली

किटली कोमट होती. ओरेस्टने हातमोजा काढून पुन्हा तळवा टेकवला — कोमटच. स्टेशनचं दार सकाळी उघडायचं ते त्यानेच, किल्ली एकच, तीही त्याच्या कोटात. मग ही शेगडी पेटवली कुणी? बाहेर फलाटावरचा बर्फही कुणीतरी झाडून ठेवलेला...

म्हणजे दुसरी किल्ली केली या गाववाल्यांनी. पाठीमागून. शेवटची प्रवासी गाडी गेली, रेल्वेने हात झटकले, गाव हे लाल विटांचं स्टेशन पाडायला निघालं, तेव्हा दारासमोर ट्रॅक्टर आडवा लावून बसलो होतो तो मी — आणि आता म्हातारा झालो म्हणून मलाच बाजूला सारणार? गव्हाच्या कोठारावरचा तो लॉर्न परवा किती गोड बोलत होता, "थंडी फार आहे बाबा, सकाळी जरा उशिरा येत जा"... उशिरा! म्हणजे तुमचं आधी उरकायला. या गावात तोंडावर कुणी काही बोलत नाही, वाईट बातमीसुद्धा हवापाण्याच्या गप्पांत गुंडाळून देतात. ओरेस्टही जन्मभर तसंच वागत आला होता.

स्टेशनात जमणाऱ्या रोजच्या कॉफीला लॉर्न आला, मागोमाग शेजारची वेरा.

"उद्या उणे तीस म्हणतात," लॉर्न टोपी झटकत म्हणाला.

"हवा गेली खड्ड्यात. दुसरी किल्ली कुणाकडे आहे?"

लॉर्नने वेराकडे पाहिलं. बघा, डोळ्यांनीच कसे बोलतात, चोर कुठले!

"कसली किल्ली रे?" लॉर्नने विचारलं.

"साळसूदपणा पुरे. माझ्याआधी आत कोण शिरतं?"

"मी," वेरा म्हणाली. "ओरेस्ट, दार उघडंच असतं रे. तू जाताना नुसतं लोटून जातोस. मागे एका रात्री तर शेगडी तशीच धगधगत होती, बाकाचा पाय काळा पडला. तेव्हापासून आम्ही आळीपाळीने येऊन बघतो, सकाळी शेगडीही पेटवून ठेवतो."

"आणि मला सांगायचं नाही?"

"काय सांगणार?" लॉर्न कपात बघत पुटपुटला. "किल्ली टेबलावर आपटून निघून गेला असतास."

खोटं. साफ खोटं... काल कुलूप लावलं होतं, किल्ली फिरल्याचा तो खट्ट आवाज अजून कानात होता — पण तो कालचा, की कधीचा? रोज तेच दार, तोच आवाज. आणि आज? त्याने सकाळ मनात पुन्हा चालवून पाहिली: त्याची मोटार, पायरी, दाराचा गार दांडा, किटली. मध्ये कुठेच किल्ली नव्हती.

चिडायला हवं होतं त्यांच्यावर, अजून थोडा वेळ तरी. ते किती सोपं होतं. लॉर्न पुन्हा थंडीबद्दल बोलू लागला, वेराने कॉफी पुढे सरकवली, आणि ओरेस्ट एखाद्या लबाड माणसावर नजर ठेवावी तसा स्वतःच्या हातांकडे बघत राहिला.