मधल्या हॉलातलं पाणी

चिंधूने पासपोर्ट काचेच्या टेबलावर ठेवला आणि भाकरी थापावी तसा तळहाताने दाबून सपाट केला.

"सकाळी मस्कतला जायाचं, सांजंला परत यायाचं. एकाच दिसात. आसं टिकीट काढ, बाय."

धम्मदिनाने संगणकावरून मान वर केली. भिवंडीच्या एसटी स्टँडासमोरच्या तिच्या या एवढ्याशा ऑफिसात आखाती देशांत जाणारी माणसं रोजच येत. ती वर्षानुवर्षांसाठी जात. एका दिवसासाठी मस्कतला निघालेला हा पहिलाच.

"काका, एका दिवसात काय काम उरकणार तिथे?"

"माझी लेक हाय, सुकन्या. इमानतळावंच चहाच्या दुकानात ड्युटी करते. भायेर न्हाय, आत. एका इमानातून उतरलेली मानसं दुसऱ्या इमानाची वाट बघत बसतात ना, त्या मधल्या हॉलात. तिथं बसायला इसा लागत न्हाय म्हने."

"मग व्हिसा काढूनच जा की. तिच्या घरी आठवडाभर राहा."

"घरी नको."

तो इतक्या पटकन म्हणाला की धम्मदिनाचे हात कीबोर्डवर थांबले.

"जावयाशी बिनसलंय का?"

"मनोजशी? न्हाय गो. लाख मोलाचा पोरगा हाय. हितं कशेळीच्या गोदामात होता, तिकडंबी गोदामातच हाय. मीच कंदी रागावलो तर तो मला हसवील."

तिने पाण्याची बाटली त्याच्यापुढे सरकवली. चिंधूने पिशवीतून आपला तांब्या काढला, तोंडावरचं फडकं सोडलं आणि ओठ न लावता वरून धार धरली. शेजारच्या गल्लीत कापडाचे लूम खडखडत होते. त्या खडखडाटातही त्याच्या गळ्यातला गटगट आवाज तिला ऐकू आला.

"सवय हाय," तो ओशाळून म्हणाला.

धम्मदिनाने विमान कंपनीला फोन लावला. "हाँ, सेम डे रिटर्न. मुंबई से मुंबई. नहीं, व्हिसा नहीं है. बाहर नहीं निकलेंगे, ट्रान्झिट में ही बैठेंगे." मग ती बराच वेळ नुसती ऐकत राहिली. चिंधू तिच्या तोंडाकडे पाहत राहिला, आभाळाकडे पाहावं तसा.

"नाही जमत, काका," फोन ठेवून ती म्हणाली. "तो मधला हॉल तिसऱ्या देशात जाणाऱ्यांसाठी असतो. मुंबईहून निघून मुंबईलाच परतणारा त्यात बसत नाही. व्हिसा नसेल तर तुम्हाला इथेच अडवतील, विमानात चढूच देणार नाहीत."

"पन मी आत शिरनारच न्हाय ना कुनाच्या. वाटसरू जसा ओटीवं टेकतो नि उठतो, तसं."

"त्यांच्याकडे ओटी नसते, काका. एक तर पुढे जायचं, नाहीतर घरात यायचं."

चिंधूने पासपोर्ट उचलला. पण तो उठला नाही. तांब्याच्या काठावरून अंगठा फिरवत बसला.

"तिच्या घरचं पानी मी पीत न्हाय," तो शेवटी म्हणाला. "आमच्यात हाय तसं. लेकीची कूस उजवंपर्यंत बापानं तिच्या घरचं पानी पिऊ नये. प्यायला तर कूस रितीच राहाते म्हनतात. खरं-खोटं देवाला ठावं. पन जीव लेकीचा. आपन कशाला परीक्षा बघा?"

सुकन्याचं लग्न झाल्यापासून तो तिच्या दारी असाच जाई. आपल्या शेलार गावाहून निघताना घरचा तांब्या भरून घेई, तिच्या खोलीच्या उंबऱ्याशी बसे आणि ऊन कलायच्या आत परते. त्याची बायको गेली, पण लावणीच्या चिखलात वाकून तिने जोडलेली ओवी अजून त्याच्या कानात होती:

लेकीच्या दारापुढं बाप उभा उन्हामंदी
पानी तिच्या ओंजळीत, तहान याच्या मनामंदी

मस्कतला जायच्या आदल्या दिवशी सुकन्याने भरलेला पेला त्याच्यापुढे धरला होता. त्याने मान वळवली. ती कितीतरी वेळ हात तसाच धरून उभी राहिली. मग तिने ते पाणी माठात परत ओतलं. "पुढल्या टायमाला पिनार असशील तरच ये, बाबा," एवढंच म्हणाली.

"आता तिकडल्या डाक्टरनीनं सांगितलं, पोर व्हायचं न्हाय." चिंधू तांब्याशी बोलावं तसं बोलत होता. "माझी भैन हाय, ठमाबाई. ती म्हनते, डाक्टरच्या वर बी कुनी बसलाय. मंग सांग, मी पानी कसा पिऊ? प्यायलो तर आस सोडली आसं व्हतं. न्हाय प्यायलो तर लेक सुटते. म्हनून म्हनलं, त्यो मधला हॉल बरा. कुनाचंच घर न्हाय. ती चहा दील, मी पिईन."

धम्मदिनाचे वडील दर रविवारी तिच्याकडे येत, स्वतःच्या हाताने माठातलं पाणी घेत आणि वर माठ नीट धुतला नाही म्हणून तिला बोलत. आजवर त्यात काही विशेष आहे असं तिला वाटलं नव्हतं.

"बरं, आसं केलं तर?" चिंधूचा चेहरा एकदम उजळला. "इसा काढतो. आनि ह्यो तांब्या भरून संगं नेतो. तिच्या घरी ऱ्हाईन, पानी आपलं शेलारचं पिईन."

धम्मदिनाने तांब्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"नाही नेता येत," ती म्हणाली. "तपासणीत पाणी काढून घेतात."

"घोटभर बी?"

"एवढा तांब्या तर नाहीच. रिकामा न्या."

"मंग तिथं भरायचा."

"हो."

"तिच्याच नळाला."

तिने ड्रॉवरमधून व्हिसाच्या कागदांची यादी काढली.

"सरकारचा नियम हाय?"

"सगळ्यांना आहे, काका."

चिंधूने दोनतीनदा मान हलवली. तिने कोणते कागद, किती फोटो ते सांगितलं आणि सुकन्याचा घरचा पत्ता विचारून घ्यायला सांगितलं. त्याने पासपोर्ट खिशात घातला, तांब्या उचलला आणि दाराकडे वळला. बाकावर बसलेला एक लूम कामगार त्याच्या जागी येऊन टेकला.

"मॅडम, दुबई में भाई के लिए अम्मी ने अचार दिया है. तेल बहुत है. जाएगा?"

"हाथ में मत रखो. अच्छे से पैक करके बड़े बैग में डाल दो. अचार, तेल, पानी, सब चला जाता है," धम्मदिना रोजच्या सवयीने बोलून गेली, आणि मग तिने दाराकडे पाहिलं.

चिंधू पायरीवर एक चप्पल घालून उभा होता. दुसरी तशीच राहिली होती. भिवंडीत उभा जन्म गेलेल्या माणसाला हिंदी कळत नाही असं होत नाही.

तो काही वेळ रस्त्यावरच्या टेम्पोंकडे बघत राहिला. मग दाराशी डब्यात लावलेल्या तुळशीपाशी वाकला. त्याने तांब्या कलता केला. पाणी मातीत जिरेपर्यंत तो थांबला, पुन्हा ओतलं, पुन्हा थांबला. शेवटचा थेंब झटकून त्याने तांब्या फडक्याने आतून-बाहेरून कोरडा पुसला आणि पिशवीत ठेवला.

"रिकामाच नेतो, बाय," तो मागे न पाहता म्हणाला. "नियम म्हंजे नियम."