सरडवंशाची म्हातारी

"मगरीला साडी नेसवून उभं केल्यासारखं वाटतंय," असं आकांक्षानं फोनवर सांगितलं, तेव्हा मी अमरावतीच्या माझ्या खोलीत पोहे खात होते. ते तसेच राहिले. राग आला की माझी भूक आधी जाते. आकांक्षा पुण्याची, एका छोट्या प्रकाशनात चित्रांचं काम बघते. वाईट बोलतानाही तिचा आवाज इतका गोड असतो की भांडायला जागाच उरत नाही.

काम असं होतं. चार-पाच जणांनी टेबलाभोवती बसून खेळायचा एक खेळ असतो. प्रत्येक जण एक पात्र घेतो, फासे टाकतो आणि त्या पात्राच्या तोंडून बोलतो. अशा खेळाचं जाडजूड पुस्तक असतं आणि त्यात पात्रांची चित्रं. या पुस्तकात एक सरडवंश होता, म्हणजे दोन पायांवर चालणारी, बोलणारी, सरड्याच्या अंगाची माणसं. मला त्यांची कुलमाता काढायची होती. ती जमली तर वंशाची सगळी अठरा चित्रं माझी, नाही जमली तर दुसऱ्या कुणाची. सहा वर्षं मी शिकवणी वर्गांचे फलक आणि लग्नपत्रिकांवरचे गणपती करत आले होते. ही अठरा चित्रं माझ्यासाठी काय होती ते मी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगताना रडू येईल अशी भीती होती.

पहिल्या चित्रात मी कुलमातेला शिंगं, काटे, तलवार आणि भरदार छाती दिली. आकांक्षानं विचारलं, "मंजुषा, ही अंडी घालते ना? मग छाती कशाला?" मी ओशाळले. दुसऱ्यात छाती गेली, काटे वाढले, जबडा मगरीचा आला, आणि आता म्हणे मगरीला साडी.

"तिची भीती वाटते," आकांक्षा म्हणाली, "पण ती सकाळी उठून काय करते ते कळत नाही. सोमवारपर्यंत बघ. मग मात्र मला दुसऱ्या कुणाला विचारावं लागेल."

डोकं तापलं की मी शेंदूरजनाघाटला घरी जाते. एसटीनं गेले. डिसेंबर होता, बागेत संत्र्याचा तोडा चालू होता, घरात कुणाला माझ्याकडे बघायला फुरसत नव्हती, आणि मला तेच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तानुआत्या ओट्यावर उन्हात बसली होती. ही बाबांची मोठी बहीण. परतवाड्याला दिलेली, तिसऱ्या वर्षी नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, तेव्हा माहेरी आली ती कायमची. आमची संत्र्याच्या कलमांची रोपवाटिका आहे. तिथे डोळा बांधायचं काम चाळीस वर्षं आत्याच करते. जंबेरीच्या, म्हणजे एका रानटी लिंबाच्या, रोपाला चाकूनं चीर द्यायची, संत्र्याच्या काडीवरचा डोळा काढून त्या चिरेत सरकवायचा, वरून पट्टी गुंडाळायची. तिच्या हातचा डोळा सहसा वाया जात नाही. पार अकोल्याकडचे लोकसुद्धा 'शेषरावच्या कलमा' मागत येतात. शेषराव म्हणजे माझे बाबा. बाबांना डोळा बांधता येत नाही.

आत्या दोन्ही तळवे फरशीवर टेकून, हनुवटी वर करून बसली होती. गळ्याखालची कातडी सैल लोंबत होती. एका डोळ्यात मोतीबिंदू, म्हणून मान न वळवता दुसऱ्या डोळ्यानं तिनं माझ्याकडे तिरकं पाहिलं.

"काय पाहून राहिली व टकमक?"

"काई नाई, आत्या."

"मंग बाजूले सर. ऊन अडवून राहिली माह्यं. आंगात ऊन भरल्याबिगर माह्यी बोटं चालत नाईत."

मी बाजूला सरले आणि तिथंच उभी राहिले. सरडा थंड रक्ताचा. ऊन लागल्याशिवाय तो हलत नाही, हे शाळेत शिकले होते आणि दोन चित्रं काढताना साफ विसरले होते. माझी कुलमाता सकाळी उठून तलवार कशी उचलेल? ती आधी दगडावर बसून अंग शेकेल. काखेत कळसा नि गावाला वळसा, आणखी काय!

तीन दिवस मी जेवणापुरती खोलीबाहेर आले. म्हातारी सरडीण दगडावर बसलेली, तळवे टेकलेले, गळ्याची कातडी घड्या पडून उतरलेली. एक डोळा उघडा, दुसरा मिटत चाललेला, आणि त्याची खालची पापणी वर आलेली, कारण सरड्याची पापणी खालून वर जाते. मांडीवर तलवार नाही, कलम बांधायचा छोटा चाकू. शनिवारी संध्याकाळी टॅबलेटवरचं चित्र पुरं झालं. ते चांगलं होतं. आपलं काम चांगलं झालेलं माणसाला कळतं, उगाच विनय कशाला दाखवू? मला नाचावंसं वाटलं.

तेवढ्यात आई चहा घेऊन आली आणि चित्र बघून कप हातात धरून उभीच राहिली.

"हे तं तानुबाई होय!"

"नाई व आई, हे सरड्यायच्या जातीची..."

"डोये फुटले नाईत माह्ये. विधवा बाईचा तुनं सरडा करून ठेवला? लोकायले दिसन तं काय म्हनतीन?"

आवाज ऐकून बाबा आले. चित्राकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग हळूच म्हणाले, "पाठवू नको, मंजू. अन तिले दाखवू बी नको. जल्मभर काई बोलली नाई बाई, आता कायले जीव दुखवा तिचा."

मी तणतणले, कलेबद्दल काहीबाही बोलले, दार लावून घेतलं. पण आत बसल्यावर लाज वाटली. मी आत्याला विचारलं नव्हतं. तिची मान घेतली, तिचे तळवे घेतले, अधू डोळासुद्धा घेतला, आणि विचारायचं मनातसुद्धा आलं नाही. पुण्यात छापलेलं पुस्तक तिच्यापर्यंत कधी पोचणार होतं? पाठवून मोकळी झाले असते. खोटं कशाला बोलू, बोट दोनदा बटणाकडे गेलंही होतं.

रविवारी दुपारी मी रोपवाटिकेत गेले. आत्या पाटावर बसून डोळे बांधत होती, बाबा तिला पट्ट्या कापून देत होते. मला पाहून बाबांनी मानेनंच नको म्हटलं. मी आत्यासमोर बसले आणि टॅबलेट तिच्या हातात दिला.

आत्यानं पदरानं चष्मा पुसला. चित्र जवळ धरलं, लांब धरलं.

"हे मी आहो का व?"

"हो, आत्या. तुले न विचारता काढलं. तू नाई म्हनशीन तं मी पुसून टाकतो."

"शेपूट चांगलं आहे," आत्या म्हणाली. मग बोट टेकवून, "चाकू चुकला. पात्याचं तोंड आपल्याकडं नसते ठेवत, मांडी कापन."

मला हसू आणि रडू एकदमच आलं. बाबांनी हातातली पट्टी खाली ठेवली.

"इचं नाव काय?"

"नाव पुन्यात ठेवतीन. त्यायची यादी आहे."

"मंग माह्यं ठेव."

मी टॅबलेट परत घेतला. आत्यानं पुन्हा रोप हातात घेतलं आणि रोपाकडे बघतच बोलत राहिली. "वरुडले कचेरीत नेलं होतं मले, हक्कसोड करायले. बाबाची जमीन भावाच्या नावावर झाली, मले साडीचोळी भेटली. सगळ्याच बहिनी करतात, मी बी केली, त्याचं काई नाई. पन त्याच्यानंतर कामाच्या कोन्या कागदावर माह्यं नाव आलं नाई. कलमा बी शेषरावच्याच झाल्या. या सरडीले तरी माह्यं नाव लागू दे."

"तुनं कधी मांगतलंच नाई, बाई," बाबा म्हणाले.

"आता मांगून राहिली न."

चाकूचं पातं फिरवून मी चित्र त्याच संध्याकाळी पाठवलं. सोमवारी दहा वाजता आकांक्षाचा फोन आला. "हीच! मंजुषा, हीच पाहिजे होती मला. कुठून आणलीस?"

मी तिला नावाचं सांगितलं. ती हसली, मग थांबली. "अगं, नावं लेखकानं आधीच ठरवलीत. हिचं झारख्शा आहे. तानुबाई म्हटल्यावर खेळणारी मुलं हसतील गं."

"हसू देत. चित्र त्या नावाशिवाय देता येणार नाही मला."

"अठरा चित्रांचा प्रश्न आहे, मंजुषा."

"माहीत आहे."

"विचारून कळवते," ती म्हणाली, आणि या वेळी आवाजात गोडवा नव्हता.

फोन ठेवला. पुढचे दोन दिवस कसे गेले विचारू नका. खरं सांगते, मला आत्याचा रागसुद्धा आला. एवढं सुरेख काम हातातोंडाशी आलं होतं, आणि हिला आताच नाव सुचावं! मग त्या रागाची लाज वाटे, मग पुन्हा राग येई. तोड्याच्या गड्यांना पाणी नेऊन देत मी बागेत भटकत राहिले. घरात कुणीच विषय काढला नाही. आत्यानंही नाही.

बुधवारी फोन आला. लेखकानं चित्र पाहिलं होतं. झारख्शा त्यानं स्वतःच खोडलं होतं. म्हणाला, हिला शोभेल असं नाव आपल्या यादीत नाही.

"बाकीची सतरा सुरू कर," आकांक्षा म्हणाली. "आणि एक, हिचं पूर्ण नाव कळव. पुस्तकात प्रत्येकाच्या नावाखाली एक ओळ आहे, अमक्याची मुलगी, तमक्या घराण्याची, असं. आज तो मजकूर पक्का करायचाय."

मी पळतच रोपवाटिकेत गेले. धापा टाकत दोघांना सांगितलं. आत्याच्या हातात अर्धी गुंडाळलेली पट्टी होती, ती तिनं आधी पुरी केली, गाठ मारली. बाबा तोपर्यंत उठून उभे राहिले होते. घसा खाकरून म्हणाले, "आपलं आडनाव लिही, मंजू. आमच्या बाबाचं नाव लिही. शेषरावची बहीन म्हनून माह्यं बी लिही."

इतक्या वर्षांत ते तिला काही द्यायला उभे राहिलेले मी पहिल्यांदा पाहिले. आत्यानंही पाहिलं. तिचा डोळा भरून आला, तो तिनं मनगटानं पुसला.

"बस तू, शेषराव," ती मायेनं म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "नुसतं तानुबाई लिही. कोनाची, थे नको."