जवाची पेंढी आणि माझा जळफळाट

मित्रांनो, मी जाळी. बागेतल्या तळ्यातलं शेवाळ काढायची, लांब दांड्याची, दोन ठिकाणी शिवलेली जुनी जाळी. माझी गोष्ट ऐकण्याआधी एक कबुली ऐका. मी मनाने फारशी चांगली नाही. दुसऱ्याचं कौतुक झालेलं मला सोसत नाही.

माझा जन्म काशीतला. राजा घाटाच्या पायऱ्यांवर बसून एका म्हाताऱ्या मल्लाहाने, म्हणजे नावाड्याने, मला विणलं. मासे धरायच्या जाळ्या विणण्यात त्याचा जन्म गेलेला. पण माझ्या मालकांनी, नरहरपंतांनी, त्याला बजावलं होतं, "भैया, मछली नहीं पकड़नी, काई निकालनी है." मासे नाही, शेवाळ काढायचं. तो खूप हसला आणि त्याने माझी वीण अगदी बारीक धरली.

नरहरपंत म्हणजे निवृत्त संस्कृत शिक्षक. त्यांच्या कितीतरी पिढ्या दूधविनायकाच्या गल्लीत गेल्या. तिथे आभाळसुद्धा पट्टीएवढंच दिसायचं. म्हणून निवृत्तीनंतर ते आणि त्यांची पत्नी प्रभावतीबाई शहराच्या कडेला नव्या घरात राहायला आले, तेव्हा त्यांनी हौसेने बागेत एक तळं बांधलं. कमरेएवढं खोल, विटांच्या काठाचं. त्यात तांबडे मासे सोडले. पहिल्याच उन्हाळ्यात पाणी हिरवंगार झालं आणि माझं नशीब उघडलं.

रोज सकाळी नरहरपंत मला पाण्यात फिरवत. शेवाळाचे लांब केसांसारखे झुबके मी पोटात भरून बाहेर आणी. आल्यागेल्याला ते सांगत, "ही जाळी आहे म्हणून तळं आहे. नाही तर केव्हाच नाली झाली असती." ते ऐकून मी दांड्यापर्यंत फुलून येई. सकाळी काढलेलं शेवाळ चार दिवसांत परत येई, ही गोष्ट कोणालाच खटकत नव्हती. मला तर नाहीच नाही. ते येत होतं म्हणून तर मला मान होता. अशी माझी नऊ वर्षं सुखात गेली.

मग घरात सून आली, कालिंदी. ग्वाल्हेरची मुलगी, इथल्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवते. तोवर नरहरपंतांचे गुडघे दुखायला लागले होते आणि वाकणं त्यांना जड जात होतं. एके दिवशी त्यांनी मला काठावर आपटलं.

"परेशान झालोय मी या काईने! गणपतीपर्यंत पानी साफ झालं तर ठीक, नाही तर तळं पाटून टाकतो. बुजवलं की स्कूटी उभी करायला जागा तरी होईल."

"अहो, आणि मासे?" प्रभावतीबाई कळवळल्या.

"गंगेत सोडू."

"तिथे दोन दिवस नाही जगायचे ते. हातावर खाऊन वाढलेत."

कालिंदी पदर खोचून पुढे आली. "बाबा, काढून काढून काई जात नसते. तिला पोट भरून मिळतंय तोवर ती येणारच. मला गणपतीपर्यंत वेळ द्या."

दुसऱ्या दिवशी तिने जवाच्या काडाची एक पेंढी आणली. कांद्याच्या लाल पिशवीत ती सैल भरली, दोरी बांधली आणि उन्हाच्या बाजूला पाण्यावर तरंगत सोडली. पाण्यात हळूहळू कुजताना ती नवं शेवाळ वाढू देत नाही, असं कालिंदीने सांगितलं. मग तिने कुमुदिनीचे कंद लावले, म्हणजे निम्मं पाणी पानांच्या सावलीत येईल. प्रभावतीबाई माशांना पुण्य म्हणून दोन्ही वेळा वाटीभर कणकेच्या गोळ्या घालत. ते पुण्य तिने चिमटीवर आणलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तळपाय नाही तर दांड्याचं टोक म्हणा. नऊ वर्षं मी राबले आणि ही कालची पेंढी, गुरांच्या तोंडचा चारा, आयत्या बिळावर नागोबा होऊन बसली! काम म्हणाल तर काही नाही. नुसतं पडून राहायचं, कुजायचं आणि कौतुक करून घ्यायचं. मी भिंतीला टेकून दिवसभर तिला शिव्या घालत होते.

महिना झाला. एके दिवशी तळाच्या विटा दिसू लागल्या. प्रभावतीबाईंनी टाळ्या वाजवल्या. "कालिंदी, मोजता येतायत ग मासे! अकरा आहेत!" कोणीतरी मला बाजूला सारून तिथे खुर्ची ठेवली. त्या दिवशी मी मनापासून मागितलं, पाणी पुन्हा हिरवं होऊ दे. पेंढीची फजिती होऊ दे. तसं झालं तर तळंच बुजवतील आणि माझीही गरज संपेल, हे मला कळत होतं. पण आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन म्हणतात ना, तसं माझं झालं होतं.

आणि माझ्याजवळ एक गुपित होतं. कालिंदी सकाळी सातला शाळेत जाई. नरहरपंतांची पूजा नऊनंतर. अभिषेकाचं दूधपाणी पायदळी येऊ नये म्हणून ते रोज श्रद्धेने तळ्यात ओतत. एरवी ते तांब्याभर असे. पण सावन लागला. काशीचा सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी सुरू होतो. नरहरपंत इथलेही सोमवार धरत आणि आपलेही. दर सोमवारी पाच लिटर दुधाचा अभिषेक होई आणि ते सगळं दूध तळ्यात जाई. मी भिंतीशी उभी राहून पाहत होते. मला बोलता येत नाही, ही झाली सबब. बोलता आलं असतं तरी मी गप्पच बसले असते.

तिसऱ्या सोमवारनंतरच्या मंगळवारी, उजाडता उजाडता प्रभावतीबाईंची हाक ऐकू आली. "कालिंदी, धाव ग! मासे बघ कसे करतायत!"

पाणी गढूळ हिरवं झालं होतं. मासे वर येऊन तोंडं उघडत होते.

"बाबा, जाळी! लवकर जाळी द्या!"

मित्रांनो, तेव्हा मला काय वाटलं ते सांगायला लाज वाटते. मला आनंद झाला. मी पाण्यात शिरताना पेंढीला मुद्दाम धक्का मारला. पहिल्याच खेपेला माझ्या पोटात काहीतरी जड आलं. तो तांबडा मासा होता, सगळ्यांत मोठा. तो हलत नव्हता.

त्याच्याभोवती शेवाळ होतं आणि शेवाळात बेलाची पानं गुंतली होती. आंबूस वास येत होता. कालिंदीने एक पान उचललं.

"बाबा, हा बेल कुठून आला? आपल्या बागेत तर बेल नाही."

"अभिषेकाचा आहे. तीर्थ नालीत कसं टाकणार? मी रोज इथेच सोडतो."

"रोज?"

"रोज थोडं. सोमवारी पाच लिटर."

कालिंदीने हातातलं पान काठावर ठेवलं. मग हळू आवाजात म्हणाली, "बाबा, दूध पाण्यात नासतं. नासताना माशांच्या वाट्याची हवा खाऊन टाकतं आणि मागे उरतं त्यावर काई पोसते. ही काई आपणच पाळली."

नरहरपंत काठावर बसले. "म्हणजे याला मी मारलं? देवाच्या नावाने?"

प्रभावतीबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. माझ्या पोटात तो मासा होता आणि मला कोणीच विचारत नव्हतं. त्यांना तरी ठाऊक नव्हतं. मला सगळं ठाऊक होतं.

कालिंदीने निम्मं पाणी बदललं. पारिजातकाच्या मुळाशी विटांचं उंच आळं केलं, म्हणजे तिथे कोणाचा पाय पडणार नाही. उरलेल्या सोमवारांचं दूध भरपूर पाण्यात मिसळून, थोडं थोडं त्या आळ्यात गेलं. पेंढी होती तिथेच राहिली. गणपती आले तेव्हा तळाच्या विटा दिसत होत्या आणि मासे दहा होते. तळं बुजवायची गोष्ट कोणी काढली नाही. नरहरपंतांनी मला धुऊन पडवीतल्या खुंटीवर अडकवलं. आता कधीमधी गळलेली पानं काढायला मला उतरवतात, एवढंच.

पेंढीचं कौतुक अजून होतं आणि माझ्या पोटात अजून दुखतं. खोटं कशाला बोलू? पण मित्रांनो, कुठे पाणी हिरवं झालेलं दिसलं तर आधी बघा, आपल्या हातून त्यात काय पडतंय. माशांना कमी घाला, पाण्याला सावली द्या आणि धीर धरा. माझ्यासारख्या जाळीचं मात्र ऐकू नका. ती वरून शेवाळ काढते आणि आतून शेवाळच मागत असते. मला खुंटीवर राहू द्या. मी कितीही हाका मारल्या तरी.